दोन इंचांचा कौल

मढच्या ज्या बंगल्यावर मी रोज जेवण पोचवते, त्याच्या फाटकातून आत शिरलं की लगेच उतार लागतो. उतार कसला, घसरगुंडीच. कोणी काय बघून बांधलाय देव जाणे. माझी पिकअप तिथून उतरली की पुढचा बंपर फरशीला खर्रकन घासायचा आणि शूटिंगचं अख्खं युनिट माना वळवून बघायचं. एकदा तर टेक चालू होता. हिरॉईन आईच्या फोटोसमोर रडतेय आणि मागून माझा बंपर. साउंडवाल्याने कानावरचं काढून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मुद्दाम घासून आवाज काढतेय. मी म्हटलं, "बाबा रे, साठ माणसांचं जेवण आहे, उडत नाही आणता येत."

तिसऱ्यांदा बंपर निखळला तेव्हा तो तारेने बांधून मी गोरेगावला परत आले, आणि अख्ख्या रस्त्यात त्या बंगला बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाजूच्या सीटवरून नाना म्हणाले, "आठवी पिढी रवली." मी तीही घेतली.

नाना म्हणजे माझे वडील, धोंडू घाडीगावकर. वय एक्याऐंशी. तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काढली, गिरणी बसली तेव्हा इकडे गोरेगावात आलो, पण जिभेवरची मालवणी काही उतरली नाही. मी मालन, त्यांची एकुलती एक. लग्नबिग्न काही झालं नाही माझं. शूटिंगना जेवण पुरवते, गाडी मीच चालवते. बाई पिकअप चालवते म्हणून सिग्नलला लोक टकामका बघतात. बघू देत, डोळे त्यांचे. रांधायला सोबत वनमाला असते, जी माझ्याहून हळू बोलते आणि माझ्याहून जास्त लागेल असं बोलते.

गाडीत नानांचं काम ठरलेलं. सोलकढीचा कॅन दोन पायांत धरायचा आणि डाव्या बाजूने कोण घुसतंय ते बघायचं. सेटवर पोचलं की वेगळं काम. गेल्या तीन वर्षांत नाना चार मालिकांमध्ये मेलेत. म्हातारं प्रेत लागलं की प्रॉडक्शनवाला आमच्या गाडीची वाट बघतो. श्वास झकास रोखतात. एकदाच तिरडीवर शिंकले, तेही कट झाल्यावर. मला सुरुवातीला कसंतरी व्हायचं, बापाला हार घातलेला बघून. पण नाना म्हणतात, खोटा मरण इला की आयुष्य वाढता. त्या हिशेबाने ते मला पुरून उरणार.

आणि आता पाचव्या मरणाला बढती मिळाली होती. पुढच्या शुक्रवारी नाना नुसते मरणार नव्हते, मरायच्या आधी बोलणार होते. एकच वाक्य, "मला एकदा गावी न्या." आयुष्यातला पहिला डायलॉग. घरात दिवसभर तेच. चहा देताना "मला एकदा गावी न्या," कवळी धुताना "मला एकदा गावी न्या." वनमालाने शेवटी विचारलं, "तिकीट काढू का?"

तर या सगळ्याच्या मध्येच मी ती गोष्ट केली. गाडी घेऊन सुयोगच्या गॅरेजला गेले. सुयोग आमचा मेकॅनिक, हुशार आहे, फक्त बोलायला लागला की थांबत नाही.

"मालनताई, पिकअप मुळात मागून उंच आणि पुढून खालीच असते," तो म्हणाला. "मागे माल भरला की लेव्हलला येते. तू भरतेस टोप आणि पातेली, त्याने हिला काय फरक पडतोय? पुढून जरा उचलूया. दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर एकेक जाड चकती टाकतो. अडीच इंच करू?"

"दोन. गाडी आहे, जिराफ नाही."

त्याने चकत्या टाकल्या, चाकांचं अलाइनमेंट केलं, वर गेलेले दिवे खाली वळवले. गाडी बाहेर काढली तेव्हा मला खरंच भरून आलं. इतकी वर्षं ती मान खाली घालून उभी असायची, सासुरवाशिणीसारखी. आता सरळ समोर बघत होती. स्टिअरिंगवर बसले तर पुढच्या रिक्षांची टपं दिसायला लागली. दोन इंच म्हणजे काय असतात हो? पण मला वाटलं, मीच उंच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट, टोपी घालून खाली आले. दारापाशी गेले, गाडीकडे बघितलं, दाराच्या मुठीवर हात ठेवला. मी पलीकडून टोप चढवत होते.

"मालन," ते म्हणाले, "आज माझी संकष्टी."

"संकष्टी परवा झाली, नाना."

"तीच. तो उपास रवललो, तो आज करतंय." आणि गेले वर.

मी एकटीच गेले. उतारावरून गाडी अशी उतरली, आवाज नाही, काही नाही. साउंडवाल्याने लांबून अंगठा दाखवला. परत येताना मी गाणं म्हणत आले. वनमाला सांगते, खालच्या गेटपर्यंत ऐकू येत होतं आणि वॉचमनला वाटलं गाडीचा पट्टा वाजतोय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांना सुतक लागलं. कोणाचं, तर चुलत काकाच्या मेहुण्याचं. तिसऱ्या दिवशी दाढ दुखायला लागली. नानांना कवळी आहे. मी म्हटलं, "नाना, दाढ डबीत आहे, तुमच्या तोंडात नाही."

ते रागावले. "थट्टा करतंस? खरा सांगू? तू कोनाक इचारून तिची मान वर केलंस? गाडी घेतली तेव्हा मी गाराना घातललंय. आता तिचा अंग बदललंस, देवाक सांगलंस? मी बसूचंय नाय त्या गाडयेत."

हे मला पटलं. आता हसाल, पण आमच्यात असतंच हे. आम्ही घाडी. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. नाना गाऱ्हाण्याशिवाय नवीन मिक्सरसुद्धा चालू करू देत नाहीत. मला वाटलं, चुकलंच माझं. शनिवारी सकाळी नारळ आणला, सुयोगला बोलावलं, वनमालाला पदर खोचून उभं केलं. नाना गाडीपुढे उभे राहिले, डोळे मिटले, आणि गिरणीच्या भोंग्यासारखा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुका न इचारता गाडयेची मान वर केल्यान, ती चूक पदरात घी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. वॉचमन उत्तर प्रदेशचा, तोही टोपी काढून "हां महाराज" म्हणाला.

"वाटेत जो कोन आडवो येयत, तेका बाजूक कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी पलीकडचं दार उघडून म्हटलं, "चला, बसा आता." नानांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता लगेच कसा? देवाक इचार करूक येळ नको?" आणि गेले वर. मी हातात नारळाची शेंडी घेऊन उभीच.

मग मात्र माझं डोकं फिरलं. शुक्रवार सहा दिवसांवर. प्रॉडक्शनवाला रोज विचारतोय, "आजोबा येणार ना? नाहीतर दुसरं बघतो." दुसरं म्हणजे एक रिटायर बँकवाले, ज्यांच्या पापण्या मेल्यावरही हलतात. घरात नाना वाक्य म्हणायचे बंद झाले होते. चहा मुकाट घ्यायचे. मी भांडले. म्हटलं, "हट्टीपणाची पण हद्द असते. मरणाला कोणी असं टाळतं का?" नाना उलट बोलले नाहीत म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं मला कळायला हवं होतं. पण मी बोलत असले की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

सोमवारी सकाळी वाल सोलत स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले होते. खाली गाडी. नाना एकटेच आले, खांद्यावर पंचा. इकडेतिकडे बघितलं. दार उघडलं. एका हाताने मूठ धरली, पाय उचलला. पाय पायरीच्या खालीच राहिला. थोडा थांबले, दोन्ही हातांनी धरलं, पुन्हा उचलला. बोटं टेकली, टाच नाही आली. तिसऱ्यांदा हाताने आपला गुडघा धरून वर ढकलला आणि धडपडले. दारालाच लोंबकळले क्षणभर. तेवढ्यात वॉचमन वळला, तर नानांनी झटकन पंचा काढला आणि काच पुसायला लागले. चांगली पुसलेली काच पाच मिनिटं पुसत होते.

माझ्या हातातले वाल तसेच राहिले. आधीच त्यांचा पाय कसाबसा पोचत असणार. माझ्या दोन इंचांनी तो पोचायचा थांबला. आणि मी त्यांना कवळीवरून बोलले, मरणावरून बोलले. मला इतकी लाज वाटली की मी रडलेसुद्धा. वनमालाने बघितलं आणि विचारलं, "वालाने कधीपासून रडू येतं?"

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रिक्षाने पाठव ना शुक्रवारी."

"दारात गाडी असताना रिक्षा का, विचारतील. काय सांगू?"

"मग चकत्या काढ."

काढायला काय, सुयोग अर्ध्या दिवसात काढेल. पण नानांना कळलं की त्यांच्यासाठी काढल्या, तर ते जन्मात त्या गाडीला हात लावणार नाहीत. मागे एकदा बसमध्ये एका मुलीने त्यांना उठून जागा दिली, तर हे पुढच्या स्टॉपला उतरले आणि घरापर्यंत चालत आले. असा माणूस. म्हणजे काढायच्या, पण दुसऱ्या कोणीतरी काढायला सांगितलं पाहिजे. आणि नाना ऐकतात असा या जगात एकच.

संध्याकाळी मी जाहीर केलं, "नाना, तुमचं बरोबर आहे. देवालाच विचारूया. बुधवारी गावाला फोन करून कौल लावू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कौल लावताना देवाच्या अंगाला ओली फुलं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजव्या बाजूचं फूल पडलं तर हो, डाव्या बाजूचं पडलं तर नाही. गावाला आमचा गुरव निलेश, तो हल्ली मुंबईकरांसाठी व्हिडिओ कॉलवर लावतो. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी मी गच्चीवर जाऊन त्याला फोन लावला. म्हटलं, "निलेश, प्रश्न असा असेल, गाडीची पुढची बाजू होती तशी खाली करायची का. तेवढं उजवं फूल जरा सैल चिकटव."

पलीकडे त्याने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मालनताय, ह्या काय रेल्वेचा रिझर्वेशन हा? देवाचो कौल असो ठरवून घेवक गावना नाय."

"अरे, म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे."

"देव तेंच्यापेक्षा म्हातारो हा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बुधवारी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. नाना पाटावर बसले, त्यांनीच गाऱ्हाणं घातलं, वनमाला आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. मी मनातल्या मनात देवाला वेगळंच सांगत होते. उजवं पाड, उजवं पाड, पुढच्या वर्षी येऊन तुझ्या दिव्याला तेल घालते. निलेशने प्रश्न विचारला. फुलं हलेनात. आम्ही तिघं श्वास रोखून, त्यातल्या एकाला तर सवयच. आणि नेमकी तेव्हा रेंज गेली. स्क्रीनवर निलेशचं नाक आणि देवाचा एक डोळा, एवढंच अडकून राहिलं. दोन मिनिटं आम्ही त्या नाकाकडे हात जोडून बसलो होतो.

मग आवाज आला. "डावो. डावो पडलो. देव म्हणता खाली करू नको."

"बघलंस?" नाना म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही त्यांचीच उंची वाढवलीय. "देवाक वरच बरी दिसता." आणि उठून पाय धुवायला गेले. गाडीत बसायचं नाव नाही.

मी चिडले. कोणावर चिडणार, देवावरच. दिवा लावला, पण नमस्कार केला नाही. म्हटलं, तुला काय, तू बसून असतोस, तुला कुठे चढायचंय.

गुरुवारी सेटवर जेवण वाढत होते. समोर हिरो-हिरॉईनचा सीन. हिरॉईन त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. तर काय, सेटिंगवाल्याने एक बसका लाकडी खोका आणून ठेवला, हिरो त्यावर चढला आणि कॅमेऱ्यात दोघं बरोबर दिसायला लागले. तीन वर्षं मी हे रोज बघतेय. त्या दिवशी मला तो खोका दिसला. सेटिंगवाल्याला म्हटलं, "असा एक जुना दे, उद्या तुझ्या ताटात दोन सुरमया." त्याने दिला, वर सुतळीचा दोरही बांधून दिला, उचलायला.

शुक्रवारी सकाळी मी खोका घेऊन खाली आले आणि लंगडायला लागले. नाना बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, टोपी, सगळं घालून. येणार नव्हते, तरी घालून बसले होते.

"काय झाला गो?"

"गुडघा गेला, नाना. कालपासून गाडीत चढवतच नाही. म्हणून हा खोका आणला सेटवरून." मी माझ्या बाजूला खोका ठेवला आणि "आई गं, आई गं" करत चढले. वर खिडकीत वनमाला पदर तोंडात कोंबून उभी होती. "नाना, तेवढा खोका तुमच्या बाजूने आत घेता? मला वाकवत नाही. आणि तिकडे सोबत चला, मध्येच पाय अडला तर ब्रेक कोण मारणार?"

नाना खोका घेऊन पलीकडे आले. त्याच्याकडे बघत राहिले.

"हेच्यावर हिरो उभो ऱ्हवता, तो?"

"तोच."

"मगे घट असतलो," म्हणून त्यांनी खोका दाराखाली ठेवला, पाय दाबून बघितला. "तुझ्या वजनान खिळे सैल झाले काय, बघतंय." एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, मूठ धरली आणि बसले आत. दोराने खोका वर ओढून घेतला. सोलकढीचा कॅन दोन पायांत धरला. मी समोर बघत होते. त्यांच्याकडे बघितलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं.

मालाडपर्यंत ते डावीकडून कोण घुसतंय तेवढंच बघत होते. मग म्हणाले, "खयचो गुडघो?"

"डावा."

"हं," ते म्हणाले. चढताना मी उजवा धरला होता, हे मला पुढच्या सिग्नलला आठवलं.

मार्वे रोडला माझा फोन वाजला. गाडी चालवताना नानाच बटण दाबतात, आणि नेहमी स्पीकरचंही दाबतात.

"मालनताय," निलेशचा आवाज, "एक सांगतंय, बापाशीक सांगू नको हां. माझ्या पोटात ऱ्हवना नाय. मंगळवारी तुझ्या आधी तेंचो फोन इललो. सांगत होते, निलेशा, गाडी वरच ठेवची, असो कौल दी. आमचा चेडू मालन आता गाडी चालवताना गाना म्हणता, ता बंद होवक नको, माझा मी बघीन. मी तेंकाय ताच सांगलंय, जा तुका सांगलंय. देवाकडे वशिलो चलना नाय. पण कौल खरो हा, आवशीची आन."

नानांनी फोन बंद केला आणि डावीकडच्या खाडीकडे बघायला लागले. मी उगाच गिअर बदलला. बंगला येईपर्यंत दोघांनीही गाणं म्हटलं नाही.

फाटक आलं. "सावकास," नाना नेहमीसारखे म्हणाले. गाडी उतारावरून खाली गेली. फरशीला काही लागलं नाही, सोलकढी हलली नाही.

"लागला नाय," नाना म्हणाले.

"नाही लागलं, नाना."

समोर सगळं युनिट उभं होतं. प्रॉडक्शनवाला हात हलवत होता, हार आणि खाट तयार होती. मी टुणकन उतरले, धावत पलीकडे गेले, खोका ठेवला आणि नानांना हात दिला. त्यांनी तो धरला, पण उतरले नाहीत. वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "गुडघो."

मी लगेच लंगडले.

"डावो," नाना म्हणाले.

मी पाय बदलला.